जुन्या करंडीचं माप

मंगळवार, चैत्र महिना. तुमच्या तेराव्याचा दिवस. जागा : लालबाग, तुमची दुसऱ्या मजल्यावरची खोली आणि समोरची गॅलरी.

हजर : वहिनी. तुमच्या गाळ्यावरचा हमाल म्हादू. बाजारातले शेजारच्या गाळ्यांचे दोघे. जुन्नरकडच्या तुमच्या गावाहून आलेले पाच शेतकरी, त्यांत तुमचा भाचा किसन. आमच्या महिला मंडळाकडून अध्यक्ष मनोरमाबाई आणि सेक्रेटरी मी. चाळीतली माणसं मोजली नाहीत, कारण ती सारखी आत-बाहेर करत होती आणि हिशेब जुळेना.

नाना, हसू नका. तेराव्याला हजेरी घेणारी बाई दुसरी कोणी असती तर मीही तिला नावं ठेवली असती. पण मला त्या दिवशी काहीतरी मोजणं भाग होतं. त्या पाच जणांच्या तोंडाकडे बघण्याचा धीर होत नव्हता, म्हणून मी खाली मान घालून पाच धोतरं मोजली. मग पाच जोड वहाणा मोजल्या. गेले तीन महिने मी या पाच माणसांना घाबरून होते. का, ते तुम्हाला मी सांगितलं नाही. सांगायला आले होते, तरी सांगितलं नाही. आज आठवडा उलटला आहे, मन जाग्यावर आलं आहे, तर सगळं सांगून टाकते. पहिल्यापासून सांगते. अर्धवट नोंद मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आपली ओळख हरताळाच्या दिवशी झाली. चार वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावरून शहर तापलेलं होतं आणि अधूनमधून सगळे व्यवहार बंद पडायचे. भायखळ्याच्या भाजीबाजारात तुमचा गाळा होता, गावाकडच्या शेतकऱ्यांचा माल तुमच्याकडे उतरायचा आणि तुम्ही तो व्यापाऱ्यांना विकून द्यायचात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला दिसली ती गिरगावातल्या आमच्या वाडीच्या तोंडाशी उभी असलेली हातगाडी, तिच्यावर करंड्यांची चळत, आणि पुढे काळी टोपी घातलेले, घामाने भिजलेले तुम्ही.

खेतवाडीच्या नाक्यावर स्वयंसेवकांनी तुम्हाला अडवलं होतं. गाडीमागे म्हादू होता. ती हकीकत त्याने पुढे इतक्या वेळा रंगवून सांगितली की मला पाठ झाली आहे.

"नाना, आज बंद आहे. गाडी मागं घ्या."

"बंदच आहे रे. मीच कुलूप घातलंय गाळ्याला. ही बघ किल्ली."

"मग हा माल?"

"माल कसला, टंबाटी आहेत. पहाटे ट्रकमधून उतरली. त्यांना काय ठाऊक हरताळ आहे!"

"विकायला चाललात काय?"

"एक जरी विकलं तर ह्याच गाडीवर बसवून मला गिरगावभर फिरवा. बायकांकडं शिजवायला चाललोय."

मग त्या स्वयंसेवकांनीच गाडीला हात लावला आणि आमच्या वाडीपर्यंत घोषणा देत ढकलत आणली. टोमॅटोची एवढी मिरवणूक पुन्हा कधी निघाली नसेल.

"लोणची-मुरांबे करतात त्या बाया इथल्याच का?" तुम्ही विचारलंत.

"हो. मी मंडळाची सेक्रेटरी. काय काम आहे?"

"काम हे गाडीवर आहे. उद्यापर्यंत राहिली तर खाडीत टाकावी लागतील. कुलूप माझं, माल माझ्या माणसांचा. माझ्या कुलपापायी त्यांचा माल कुजायला नको."

"आम्ही आवळा, लिंबू, कैरी करतो. टोमॅटोचं काही करत नाही."

"आजपासून करा, शेक्रेटरीबाई."

मी नियम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मनोरमाबाई आतून आल्या. त्यांच्या सासूबाई अजून टोमॅटोला बेलवांगं म्हणायच्या आणि नैवेद्याच्या स्वयंपाकात येऊ द्यायच्या नाहीत. मला वाटलं, या तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. त्यांनी एक टोमॅटो उचलला, वास घेतला आणि पदर खोचला. "पातेलं उतरवा," म्हणाल्या.

बाहेर अश्रुधूर होता आणि आत लसूण-व्हिनेगर, त्यामुळे डोळे कशाने चुरचुरताहेत ते कळत नव्हतं. शेगड्या कमी पडल्या म्हणून शेजारणींच्या आणल्या. तुम्ही दाराबाहेर स्टुलावर बसून होतात आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होतात, "देठाजवळ अंगठा ठेवून बघा. दबलं तर आधी ते घ्या." संध्याकाळी पन्नासेक बाटल्या भरल्या. मंडळाचा टोमॅटो सॉस असा सुरू झाला, आणि आज गिरगाव-दादरच्या दुकानांत तो लोणच्याहून जास्त खपतो.

त्याच दिवशी मी वहीत पहिली ओळ लिहिली : करंड्या किती आल्या, बाटल्या किती झाल्या. एका ओळीत दोन्ही. ती ओळ तशीच चालू ठेवली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण पुढच्या हंगामात मी नीटनेटकेपणाच्या हौसेने एका वहीच्या दोन वह्या केल्या. बाजाराची वही वेगळी, स्वयंपाकाची वही वेगळी. दोन्हींना खाकी कव्हरं घातली, नावं लिहिली, आणि त्या दोन वह्या पुन्हा कधी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत.

बाजाराची वही घेऊन मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ट्रामने भायखळ्याला यायचे. तुमच्या गाळ्याची आवक, शेजारच्या दोन गाळ्यांची आवक, कोणतं फळ कुठून आलं, सगळं लिहायचे. मला त्यात आनंद वाटायचा. नाशिककडची द्राक्षं दर साल थोडी लवकर यायला लागली, हे मला वहीत दिसलं. कोकणातला आंबा समुद्रमार्गे पडावातून यायचा तो हळूहळू ट्रकमधून यायला लागला, तेही दिसलं. पानाच्या मधोमध मी उभी रेघ मारली होती, एका बाजूला आपल्या राज्यातला माल, दुसऱ्या बाजूला बाहेरचा. मग मोठं द्विभाषिक राज्य झालं आणि नागपूरची संत्री बाहेरच्या बाजूची उचलून आतल्या बाजूला लिहावी लागली. ते तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत.

"कालपर्यंत बाहेरची होती होय?"

"कागदोपत्री होती."

"मग तुमच्या कागदाला उशिरा कळलं. आमच्या गाळ्यात ती पहिल्यापास्नं घरचीच."

तुमचं-माझं भांडण हे एवढंच होतं, आणि ते चार वर्षं चाललं. मी म्हणायचे, लिहून ठेवलं की पुढचं दिसतं. तुम्ही म्हणायचात, पुढचं ट्रकवाल्याच्या तोंडून कळतं, नाहीतर करंडीचं झाकण उघडल्यावर वासावरून कळतं. मी म्हणायचे, वास वहीत ठेवता येत नाही. तुम्ही म्हणायचात, म्हणून तर वही खोटी. एकदा तुम्ही मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणालात, "शेक्रेटरीबाई, करंड्या मोजता. टंबाटी कधी मोजणार?"

"टोमॅटो एकेक मोजत बसले तर घरचा स्वयंपाक कोण करील?" मी म्हटलं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. तुम्ही मात्र हसला नव्हतात, हे मला आता आठवतं.

इकडे मंडळात वेगळंच चाललं होतं. दर करंडीमागे सॉसच्या बाटल्या कमी कमी होत होत्या. एका वर्षी थोड्या, पुढच्या वर्षी आणखी थोड्या. स्वयंपाकाच्या वहीत ते स्वच्छ दिसत होतं. मी त्याचा अर्थ माझ्या पद्धतीने लावला.

"मनोरमाबाई, तुम्ही रस फार आटवता."

"मी पहिल्या दिवशी आटवला तेवढाच आटवते. टोमॅटोत दम नाही."

"नाना स्वतः निवडून देतात. टोमॅटो चांगला आहे."

"मग मी बाटल्या पदराखालून घरी नेते का? तसं लिही वहीत."

पंधरा दिवस त्या माझ्याशी फक्त "मीठ" आणि "बूच" एवढंच बोलल्या. नंतर बोलायला लागल्या, पण गेली दोन वर्षं पातेल्यापाशी मी उभी राहिले की त्या पळी माझ्या हातात द्यायच्या. "घ्या. तुम्हीच ठरवा कधी उतरवायचं."

आता गेल्या श्रावणाबद्दल.

मी आलेखाच्या कागदावर तिन्ही हंगामांची टोमॅटोची आवक काढली होती. तांबड्या पेन्सिलीची रेघ जिन्यासारखी चढत होती. तो कागद मी तुमच्या गाळ्यात पोत्यावर पसरला.

"नाना, हे बघा. दर साल माल वाढतोय. गेल्या साली भाव बरा मिळाला म्हणून यंदा सगळे आणखी लावणार. पौषात एवढा माल येईल की कोणी हात लावणार नाही. तुमच्या गावच्या लोकांना सांगा, यंदा निम्मीच लावा."

"निम्मी?"

"निम्मी. उरलेल्या रानात कांदा करा, हरभरा करा."

"टंबाटी कागद वाचत नाही, बाई."

"टोमॅटो वाचत नाही, पण माणसं वाचतात. मी पत्र लिहून देते. तुम्ही नागपंचमीला गावी जाताय. देवळात वाचून दाखवा."

तुम्ही त्या रेघेवरून खालपासून वरपर्यंत बोट फिरवलंत. मग म्हणालात, "द्या. वाचून दाखवतो." मी दोन पानी पत्र लिहिलं, मुद्द्यांना आकडे घातले, खाली सही केली. तुम्ही ते घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंत.

मार्गशीर्षात तुमच्या गावचा पहिला माल उतरला. करंड्या थोड्याच होत्या, गेल्या सालच्या निम्म्याही नव्हत्या. मला केवढा अभिमान वाटला! "बघा, ऐकलं लोकांनी," मी म्हटलं. तुम्ही बशीतला चहा फुंकत राहिलात. मग तुमचा खोकला वाढला, तुम्हाला परळच्या इस्पितळात ठेवलं आणि माझं बाजारात जाणं थांबलं. तुमच्याशिवाय त्या गाळ्यात उभं राहून आकडे विचारणं मला जमेना.

पौषातली एक दुपार. मंडळात सॉसचं काम चालू होतं. एक करंडी रिकामी झाली, ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यात पहिल्या हरताळाच्या दिवशीची एक करंडी होती, आम्ही तिच्यात कोळसा ठेवत असू. कोळसा संपलेला होता. मी नवी करंडी त्या जुनीत टाकली. ती आत गेली, नाना. काठासकट अख्खी आत गेली आणि वर चार बोटं जागा उरली.

मी हात धुतले. दोन्ही वह्या काढल्या. शेजारी शेजारी ठेवल्या.

एका वहीत करंड्या चढत होत्या, दुसरीत बाटल्या उतरत होत्या, दोन्ही सारख्याच पावलांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हादूला गाठलं.

"करंड्या लहान कधी झाल्या रे?"

"झाल्या की तीन वर्सं, बाई. एकदम नाय, दर साली जराशी. नानांनीच सांगितलं बुरुडाला. मोठ्या करंडीत घाटात खालची टंबाटी चेंबायची ना."

म्हणजे माल फारसा वाढलाच नव्हता. तेवढाच टोमॅटो जास्त करंड्यांतून येत होता. माझी तांबडी रेघ करंड्यांची होती, आणि तिच्या भरवशावर मी एका गावाला निम्मं रान टोमॅटोशिवाय ठेवायला सांगितलं होतं. सहीसकट. मंडळाचं एखादं पातेलं करपलं तर आम्ही ते फेकून देतो, नुकसान आमचं. इथे पाच घरांचा वर्षाचा हंगाम माझ्या हातून करपला होता आणि त्यांतल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं.

मी तडक इस्पितळात आले. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, आवाज बसलेला होता.

"वही नाही आणली?" तुम्ही विचारलंत. "डॉक्टर तुम्हाला काही बोलले की काय?"

"उगाच काहीतरी बोलू नका. नाना, श्रावणातलं ते पत्र. गावात वाचलंत का?"

"वाचलं की. देवळात. सगळ्यांसमोर."

"पूर्ण?"

"चष्मा लावून."

आणि तुम्ही डोळे मिटलेत. तुमच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. मला वाटलं, छातीत कळ आली. मी मोसंबं सोलून ताटलीत ठेवलं, वहिनींना औषधाच्या वेळा लिहून दिल्या आणि परत आले. करंडीचं बोललेच नाही. त्यानंतर पाच वेळा आले, पाचही वेळा बोलले नाही. तुम्हाला श्वास घ्यायला त्रास होत होता आणि मी माझी चूक तुमच्या उशाशी ठेवून मोकळी होणार, हे बरं दिसलं नसतं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला लाज वाटत होती.

तुम्ही फार दिवस कुढत पडला नाहीत, याचं मला समाधान आहे. मुंबई आपल्याला मिळाली हे ऐकून गेलात, याचंही. वहिनी सांगत होत्या, शेजारच्या खाटेवरच्या माणसाने ती बातमी मोठ्याने वाचली, सगळा वॉर्ड टाळ्या वाजवायला लागला, आणि तुम्ही विचारलंत, "म्हणून आज बाजार बंद नाही ना ठेवला कुणी?"

तर तेरावा. जेवणं झाली. मी हात धुऊन गॅलरीत उभी होते. पाच धोतरांतलं एक उठून माझ्याकडे आलं.

"शेक्रेटरीबाई त्या तुम्हीच ना? मी किसन. नाना माझे मामा."

"हो. किसनराव, त्या पत्राबद्दल मला..."

"तेच म्हणायला आलो. तुमचं पत्र आमी पाळलं बरं का. पैलं कुणाला पटलंच न्हवतं. आमचा म्हातारा म्हणला, शहरातल्या बाईला काय कळतंय लावणीतलं! तर मामा असे चिडले देवळात. म्हणले, ती बाई मंगळवारी आन् शुक्रवारी बाजारात येऊन बसती, चार वर्सं. तुमच्यातला कोण बसलाय एक दिवस?"

मला वाटलं, आता पुढचं वाक्य नुकसानीचं.

"मग तीन हप्त्यांत लावली. तुमी लिहिलंवतं तशी. पैली लावण पोळ्याला, दुसरी गणपती उठल्यावर, तिसरी घटाला."

"मी लिहिलं होतं?"

"म्हंजे! सगळी एकदम लावू नका, एकदम लावली की पौषात एकदम येती, असं. मामांनी कागद हातात धरून वाचलं. चष्मा लावून."

"निम्मी लावा, असं नव्हतं त्यात?"

"निम्मी?" किसन मागे वळून बाकीच्यांकडे बघून हसला. "निम्मी कशाला लावू, बाई? हाय तेवढी समदी लावली, पण तीनदा. पौषात सगळ्यांचा माल आला तवा आमचा थोडाच व्हता. माघात आमचा आला तवा बाजार मोकळा. यंदाच्यासारखा हंगाम मी बघितला न्हाई. ही शेवटची आहेत, मंडळासाठी आणलीत." आणि त्याने एक करंडी माझ्या पायाशी ठेवली. नवी, लहान.

मी आत जाऊन वहिनींच्या ट्रंकेवर बसले. मनोरमाबाईंना वाटलं मला घेरी आली, त्या पाणी घेऊन धावल्या. घेरी कसली! तीन महिन्यांनी पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला होता. तुमच्या तेराव्याला, तुमच्या फोटोसमोर, मला मोठ्याने हसू येईल अशी भीती वाटली. मी पदर तोंडाला लावला. चाळीतल्या एका बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडा, रडा," म्हणाली. "फार चांगला माणूस होता."

निघताना वहिनींनी तुमच्या कोटातला एक कागद हातात दिला. "हे अक्षर तुमचंच ना?" माझं पत्र होतं. दोन पानं, आकडे घातलेले मुद्दे, सही. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तुमचं अक्षर : पोळा. गणपती. घट. आणि त्याखाली : बाईंचं नाव सांगायचं.

नाना, हे मी आठ दिवसांत कितीदा वाचलं ते मोजलेलं नाही.

पत्र पालटून त्याची मागची बाजू तुम्ही चष्मा लावून वाचलीत, हे मला पटतं. तुम्हीच ते करू शकलात. पण माझं नाव का घातलंत? सल्ला तुमचा होता. कदाचित तीस वर्षं तेच तेच सांगून तुमचं गाव तुमचं ऐकेनासं झालं असेल आणि तुम्हाला परका माणूस हवा असेल. कदाचित माझ्या दोन पानांतला 'पौषात सगळा माल एकदम येतो' हा एक मुद्दा तुम्हाला खरा वाटला असेल, आणि तेवढ्यापुरतं श्रेय तुम्ही मला दिलं असेल. कदाचित मी ओशाळू नये एवढंच असेल. यांतलं कोणतं, ते मला ठरवता येत नाही, आणि मला न ठरवता सोडणं आवडत नाही, हेही तुम्हाला ठाऊक होतं.

आणि करंडी? ती तर तुम्हीच लहान करवलीत. तांबडी रेघ पोत्यावर पसरली तेव्हाच ती का चढते आहे हे तुम्हाला कळलं असणार. "बाई, करंडी लहान केली." चार शब्द. ते सांगायला काय झालं होतं? मला राग येतो. मग आठवतं, तुम्ही एकदा सांगितलं होतं, सगळ्यांसमोर, आणि मी मोठ्याने हसले होते. तेव्हा राग अर्धा तुमच्यावर ठेवते, अर्धा माझ्यावर. भांडण मिटलेलं नाही. वास खोटा की वही खोटी, यावर मला अजून बरंच बोलायचं आहे, आणि माझ्याकडे आता चांगले मुद्दे आहेत.

पण मुख्य गोष्ट ही की कुणाचं वाईट झालं नाही. एवढं एकदा स्पष्ट लिहून ठेवते. तुम्ही माझं ऐकलं नाहीत, म्हणून मी आज स्वस्थ झोपते. त्याबद्दल तुमची ऋणी आहे. असे आभार मी आजवर कुणाचे मानलेले नाहीत.

आता झालेली आणि राहिलेली कामं.

मनोरमाबाईंना त्याच दिवशी, लालबागच्या ट्राम थांब्यावर, सगळं सांगितलं.

"म्हणजे मी जास्त आटवत नव्हते," त्या म्हणाल्या.

"नव्हतात."

"दोन वर्षं!"

"दोन वर्षं."

"हे सभेत वाच. आणि वहीत शाईने लिही."

शुक्रवारच्या सभेत वाचलं, शाईने लिहिलं. किसनच्या टोमॅटोचा सॉस करताना मी पातेल्यापाशी गेले तेव्हा त्यांनी पळी माझ्या हातात दिली नाही. स्वतःच उतरवलं. वहिनींकडे एक डझन बाटल्या पोचत्या केल्या. दोन वह्यांची पुन्हा एक वही केली.

किसनला खरं पत्र लिहायचं आहे. त्याच्यासमोर त्या दिवशी मी गप्प बसले, ते तुमच्या तेराव्याला शोभलं, पण कायमचं गप्प बसणं मला शोभणार नाही. त्याने पुढच्या श्रावणासाठी पुन्हा 'बाईंचं पत्र' मागितलं आहे. त्याला सांगायचं आहे की तीन लावण्या मामांच्या, चूक माझी. पण नुसती कबुली पाठवून काय उपयोग, सोबत दुरुस्त केलेली यादीही हवी. त्यासाठी जुन्या करंडीत किती माल मावायचा हे आधी कळलं पाहिजे, म्हणजे मागच्या सगळ्या ओळी एका मापात येतील. बाजारात आता किलोची वजनं दिसायला लागली आहेत, तेव्हा शेर आणि किलो दोन्हींत तोलून ठेवीन.

उन्हाळ्याचे टोमॅटो बारके आणि मऊ, ते मापाला चालणार नाहीत. आणि एक अडचण आहे. जुनी करंडी तेव्हा कशी भरत असत? किसन म्हणतो, शीग लावून. म्हादू म्हणतो, काठाला सपाट, वर गवत, मग गोणपाट शिवलेलं. दोघेही शपथेवर सांगतात. हे एक माणूस नक्की सांगू शकला असता, आणि इस्पितळात सहा वेळा त्याच्याजवळ बसून मी त्याला औषधाच्या वेळा विचारत राहिले.

कोळशाची करंडी घासून धुतली आहे, गॅलरीत उलटी घातली आहे. ती भरून तोलायची राहिली आहे.